शिळं ऊन

फळ्यावर मी मनोरा काढला.
तळाला हजार, त्यावर शंभर, त्यावर दहा,
टोकाला एक.
तिथे खडू मोडला, म्हणून एकाचा नुसता ठिपका झाला.

हजार म्हणजे सरोवरातलं हिरवं, मी म्हटलं,
जे ऊन थेट पितं.
शंभर म्हणजे त्यावर चरणारे, तुम्हाला न दिसणारे.
दहा म्हणजे त्यांना गिळणारी कुंगुची अळी,
काचेसारखी आरपार.
दिवसभर खोल अंधारात दडून बसते माशांच्या भीतीने
आणि रात्री वर येते जेवायला, चोरपावलांनी.
एक म्हणजे तिला खाणारा.
दर पायरीला दहातला एकच चढतो. लिहून घ्या.

सगळ्यांनी लिहून घेतलं.
वितुंबिको चिर्वाने हात वर केला.
"मग नऊ कुठे जातात, सर?"

ऊब होऊन जातात.
पोहण्यात, पळण्यात,
काही न करता नुसतं जिवंत राहण्यातसुद्धा.

त्याने शर्टात हात घालून काख चाचपली,
हिशोब ताडून पाहावा तशी.

अमावास्या झाली आणि उसिस्यासमोर पाण्यावर धूर उठला.
आग कुठेच नव्हती.
अळ्यांना पंख फुटले होते एकाच रात्रीत,
आणि क्षितिजापासून राखाडी खांब
डोलत, वाकत, किनाऱ्याकडे चालत येत होते.
बाया धावल्या. पातेल्यांना आतून पाणी लावलेलं,
हात उंचावून हवेत गरागरा फिरवलेली पातेली,
प्रत्येक फेरीला बुडाशी काळा थर.
"तोंड मिटा सर," न्याम्फांदे ओरडली,
"नाहीतर इथेच जेवण उरकेल तुमचं!"
पाकोळ्या मात्र तोंड उघडं टाकूनच उडत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पोराच्या हाती वडी पाठवली,
केळीच्या पानात. मीठ लावून थापलेली,
पत्र्यावर वाळवलेली.
सुक्या मासळीचा वास, मागे थोडी कडसर चव.
किती जीव असतील हिच्यात?
मी मोजायला बसलो, शून्यं वाढत गेली,
शेवटी कागद उलटा केला.
माझ्या तळहाताएवढ्या वडीत
या खाडीवरची किती दुपार मुरली होती, देव जाणे.

"कालची आहे," वितुंबिको म्हणाला, "शिळी."
शिळीच असणार.
ताजं ऊन पचवायची अक्कल फक्त त्या हिरव्याला.
बाकी आपण सगळे, पाणघोड्यापासून हेडमास्तरांपर्यंत,
शिळ्या उन्हावर जगतो,
आणि तेही दुसऱ्याच्या ताटातल्या.

तो गेला नाही. उंबऱ्यावर नखाने रेघा ओढत राहिला.
"सर, खोल बुडालेलं वर येतं का?"

दोन वर्षांपूर्वी म्वेरा वारा सुटला तेव्हा
त्याच्या बापाची होडी रिकामी परत आली होती.
आम्ही दोघांनीही ते म्हटलं नाही.

मी धड्यातलं सांगितलं.
फार खाली श्वासच नाही, तिथे कुणी राहत नाही.
जे जातं ते पडून राहतं वर्षानुवर्षं.
मग म्वेरा येतो, वरचं पाणी लोटून नेतो,
आणि तळातलं सगळं, क्षार, चुना, जे जे विरघळलं ते,
हळूहळू वर सरकतं. हिरवं त्यावरच वाढतं.

"म्हणजे येतं."

माती येते, मी म्हटलं. ऊब येत नाही.
तिला रोज सकाळी नव्यानेच यावं लागतं.

त्याने मान हलवली,
कळल्याची की नुसतीच, सांगता येणार नाही.
पानातली अर्धी वडी तोडून तोंडात टाकली,
अर्धी माझ्यासाठी ठेवली,
आणि वाळूच्या उतारावरून धूम ठोकली.

पाठीवर शर्ट चिकटलेला, धाप लागलेली.
नऊ सांडत चालला होता तो, उतारभर.
उरलेल्या एकावर
पोचला असावा घरी.